तुटक रेघ

सातपुडा इथं एकदम थांबतो.
हळूहळू उतरणं त्याला माहीत नाही.
खाली पूर्णेचं सपाट रान, कापूस, तूर,
मधेच शेवरीच्या सावलीत पानपिंपळीचा मळा.
डोंगर इतका सरळ का संपावा,
एवढ्या प्रश्नासाठी खात्याने मला
एक जीप, चोवीस जिओफोन
आणि एकोणीस दिवस दिलेत.

पहिला आठवडा नुसता चालण्यात गेला.
दक्षिणेला निघालेला ओढा पायथ्याशी येतो,
काहीतरी विसरल्यासारखा पश्चिमेला वळतो,
दोनशे पावलं जातो, मग पुन्हा दक्षिणेला.
एक ओढा वळला तर तो त्याचा स्वभाव.
ओळीने पाच वळले, सगळे एकाच अंगाला,
तेव्हा मी वही उघडली.

धामणझिरीचे सुकलाल बेठेकर विहिरी खणतात.
माझा नकाशा त्यांनी बाजूला ठेवला.
‘वरच्या आंगानं तीस फुटावर काया गोटा लागते.
हा रस्ता वलांडला का साडेतीनशे फूट
निस्ती पिवयी माती. दोन मशिनी वापस गेल्या.’
‘रस्ता कुणी आखला इथला?’
‘बैलायनं. बैल चढ टायते.’

घण पडायच्या आधी सगळं गप्प हवं.
मोटारी बंद. गिरणी बंद.
परतवाड्याची एसटी जाऊ दिली,
तिच्यामागची धूळ बसू दिली.
तरी इरफानच्या पडद्यावर बारीक थरथर उरलीच:
कुणाच्या तरी गोठ्यात म्हैस पाय बदलत होती.
मग तीही थांबली.
सुकलालनी लोखंडी पाटावर घण घातला.

घाव खाली गेला, दगडाला लागला, परत आला.
रस्त्यापर्यंत वेळेवर.
रस्त्यापलीकडे उशिरा,
आपल्याला कळणार नाही इतका,
पण उशिरा.

पुढे खारपाणपट्ट्यात विजेच्या सळया ठोकल्या.
बुडाशी मिठाचं पाणी ओतताना सुकलाल हसले,
‘इतं मीठ कायले टाकता, बाई?
आमी तं चहाबी खाराच पेतो.’
वीज त्या मातीत अशी पसरली
की सगळे थर एकच दिसले.
त्या पानावर मी फुली मारली.

चौदाव्या दिवशी चर खणला, पुरुषभर खोल.
भिंत खुरप्याने तासली, रंगाच्या कुंच्याने झाडली.
गोट्यांचा थर सरळ चालत येतो
आणि एका तिरप्या रेघेपाशी हातभर खाली जातो.
रेघेला खेटून दोन गोटे उभे,
झोपेतून दचकून उठल्यासारखे, अजून तसेच.
वरची काळी माती मात्र अखंड. ती नंतरची.
तुटल्या थरात कोळशाचे चार कण.
वणवा असेल, चूल असेल.
सुकलाल म्हणाले, चूल.
मी डबीवर फक्त नंबर लिहिला.

नकाशाचा एक नियम आहे:
दिसली तिथे रेघ सलग काढायची,
अंदाज असेल तिथे तुटक.
चरापासून पूर्वेला सलग.
पश्चिमेला घरं आहेत,
कुणाची चूल उकरून बघणार?
तिथे तुटक.
तुटक रेघ अंगणवाडीच्या कोपऱ्यातून शिरते,
पाण्याच्या टाकीखालून बाहेर पडते.

‘तुटक म्हंजे इतं नाई ना?’
‘तुटक म्हणजे मला दिसली नाही.’
‘आन् हालन कवा?’
कोळशाचं वय येईल सहा महिन्यांनी.
ते मागचं सांगेल, एवढं मी सांगितलं,
आणि पेन्सिलीला उगाच टोक काढत बसले.

संध्याकाळी चर बुजवला.
एकेक करून मोटारी सुरू झाल्या, मग गिरणी.
जीप वळवताना आरशात दिसलं:
सुकलाल अंगणवाडीपाशी थांबलेत,
थोडे वाकून, एक तळवा जमिनीवर,
विहिरीची जागा बघताना वाकतात तसे.